१० मेगाहर्ट्झ आणि दुपारचे एक चाळीस

जीपीएसच्या ठोक्याला बांधलेला १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे सेकंदाला नेमक्या एक कोटी लहरी काढणारं सर्किट, घरी करताना लिहिलेली ही वही. जशी होती तशी उतरवली आहे, शिव्या तेवढ्या गाळल्यात. कोणी हेच करायला बसणार असेल तर निदान माझे चार महिने त्याला दीड महिन्यात उरकता यावेत.

१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार

सामान जमलं. हवं कशाला, ते आधी. क्यूओ-१०० या हौशी रेडिओवाल्यांच्या उपग्रहाचं ऐकायचं आहे. तो २५.९ अंश पूर्वेला स्थिर आहे. पुण्यातून पश्चिमेकडे जरा दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून साधारण ३२ अंशांवर दिसतो. त्याचा आवाज येतो १०,४८९ मेगाहर्ट्झच्या वर. डीटीएचच्या एलएनबीत, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसणाऱ्या डबीत, २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, त्याची ३९० पट म्हणजे ९,७५० मेगाहर्ट्झ वजा होऊन उरलेलं खाली रेडिओत येतं. तो क्रिस्टल उन्हात तापला की दहा लाखात एक भागाने जरी हलला, तरी इथे पावणेदहा किलोहर्ट्झचा फरक पडतो. माणसाचं बोलणं मावतं पावणेतीन किलोहर्ट्झमध्ये. मग डायल फिरवत त्या आवाजामागे धावत बसायचं. त्यासाठी घरात एक न हलणारा १० मेगाहर्ट्झ हवा, २५ त्यावरून करता येतात.

रचना लार्स वॉलेनियस यांची, आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावरची. जीपीएस रिसीव्हर दर सेकंदाला एक ठोका देतो. ७४एचसी४०४६ ही चिप तो ठोका आणि आपला ऑसिलेटर यांतलं वेळेचं अंतर एका १ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरवर व्होल्टेज म्हणून साठवते. आर्डुइनो ते वाचतो आणि पीडब्ल्यूएमने, म्हणजे झटपट चालू-बंद होणाऱ्या सिग्नलची सरासरी कमीजास्त करून, ऑसिलेटरचं कंट्रोल व्होल्टेज किंचित वरखाली करतो. बस्स, एवढंच यंत्र.

ऑसिलेटर म्हणजे ओसीएक्सओ, स्वतःच्या छोट्या भट्टीत बसलेला क्रिस्टल. जुन्या टेलिकॉम कार्डावरून काढलेला, ५ व्होल्टवर चालणारा, १,४५० रुपये. यू-ब्लॉक्सचा निओ-एम८टी, म्हणजे खास वेळेसाठीचा रिसीव्हर, ४,२०० रुपये. स्वस्तातला साधा रिसीव्हरही चालतो म्हणतात. मी घेतला नाही. एका जागी बसून फक्त वेळ मोजायची सोय याच्यात आहे, आणि ती हवीच होती. बाकी नॅनो (आर्डुइनोचा छोटा बोर्ड), चिपा, वायरी पुण्याच्या तपकीर गल्लीतून.

२४ फेब्रुवारी

पहिला दिवस वाया. कंट्रोलचा आकडा (० ते ६५,५३५) चढत चढत ६५,५३५ वर गेला आणि तिथेच चिकटला. म्हणजे यंत्र ओरडतंय, "अजून व्होल्टेज द्या!", आणि द्यायला काही उरलेलं नाही.

मल्टिमीटर लावला. नॅनोच्या पायावर सरासरी जवळजवळ ५ व्होल्ट, ओसीएक्सओच्या पायावर २.५. अर्धं गेलं कुठे? पीडब्ल्यूएम गाळायला मी १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला होता, आणि ओसीएक्सओच्या कंट्रोल पायालाही आतून साधारण तेवढाच रोध निघाला. दोघांनी मिळून भाकरी अर्धी अर्धी वाटून घेतली. मध्ये बफर हवा, म्हणजे व्होल्टेज न घटवता पुढे देणारी चिप.

२५ फेब्रुवारी

ड्रॉवरमध्ये एलएम३५८ होता, तो बसवला. आकडा पुन्हा वर चिकटला. एलएम३५८ ला ५ व्होल्टचा पुरवठा दिला तर तो साडेतीनच्या आसपास दमतो. हे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे, तरी बसवला. मीटरवर ३.६२. माझा हा म्हातारा क्रिस्टल १० मेगाहर्ट्झवर येतो ३.७४ ला. बारा शतांश व्होल्टसाठी रविवार गेला.

२ मार्च

एमसीपी६००२ आणला, तो वरच्या टोकापर्यंत जातो. सकाळी ११ वाजता चालू केलं, ११:२५ ला लॉक, म्हणजे ऑसिलेटर जीपीएसच्या ठोक्याला धरून चालायला लागला. आकडा ४९ हजारांच्या आसपास स्थिरावला. अँटेना खिडकीच्या ग्रिलला टांगलेली. अंतर ५०० नॅनोसेकंदांच्या ठरवलेल्या जागेपासून वीस-तीस इकडेतिकडे. रिसीव्हरच्या ठोक्यालाच दहा-वीस नॅनोसेकंदांचे दात असतात, त्यामुळे एवढं चालायचंच.

चहा करून प्यालो. त्याच दिवशी "झालं" असं वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. ते तसंच ठेवलंय.

९ मार्च

आठवडाभर छळणारी गोष्ट आज सापडली. मी नोंदी बघायला बसलो की लॉक सुटायचा. बघत नसलो की सगळं ठीक, निदान माझी तशी समजूत.

नॅनोला वीज लॅपटॉपच्या यूएसबीतूनच दिली होती. पीडब्ल्यूएमची उंची म्हणजे नॅनोचा पुरवठा. लॅपटॉप बॅटरीवर असताना तो ४.८३ व्होल्ट, चार्जर लावला की ५.०६. माझ्या ओसीएक्सओला १ व्होल्टला साधारण १ हर्ट्झ सरकायची सवय. म्हणजे चार्जरची पिन खोचली की फ्रिक्वेन्सी थोडीथोडकी नाही, चांगली हर्ट्झचा सहावा भाग उडते. एवढ्या उडीत अंतराचा आकडा १,००० नॅनोसेकंदांची पट्टी अर्ध्या मिनिटातच ओलांडून भलतीकडून परत येतो.

उपाय: नॅनोला वेगळा ७८०५, म्हणजे पक्के ५ व्होल्ट देणारी चिप. आणि यूएसबी केबलचं साल सोलून लाल तार कापली. डेटा जातो, वीज येत नाही. केबलवर कागदी चिठ्ठी चिकटवली, नाहीतर घरात कोणीतरी याने मोबाईल चार्ज करायला जाईल. (गेलं. दुसऱ्याच दिवशी.)

जाता जाता दुसरंही केलं. अंतर मोजणारा तो १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर मी ड्रॉवरमधला साधा तपकिरी चकतीचा लावला होता. सोल्डरिंगची गरम सळई दोन इंचांवर धरली तरी आकडा पळायचा. उष्णतेने न बदलणारा एनपीओ जातीचा लावला, पळणं थांबलं. बोर्डावरचं फ्लक्स आयसोप्रोपाइलने धुतलं. हे दोन रुपयांचं काम पहिल्या दिवशीच करा.

२३ मार्च

आता नवीन दुखणं. रात्री आठ-साडेआठला सुरू होतं, अकरा-साडेअकराला संपतं. उपग्रहांचे सिग्नल एकेक करून खालीवर नाचतात, दोन-तीन तर पूर्ण सुटतात, आणि ठोका पन्नास-साठ नॅनोसेकंद अडखळतो.

ज्या ज्या गोष्टीवर संशय घेतला त्यांची यादी: समोरच्यांचा एलईडी बल्ब, आमचा वायफाय राउटर, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, खालच्या मजल्यावरचा नवा सीसीटीव्ही. रात्री नऊला मेन स्विच पाडून रिसीव्हर बॅटरीवर चालवला, घरच्यांच्या मालिका बंद करून. "आणखी किती वेळ?" असं अंधारातून तीनदा विचारण्यात आलं. नाच तसाच.

३१ मार्च

उत्तर डोक्यावर होतं. आपण विषुववृत्ताच्या जवळ राहतो. सूर्यास्तानंतर इथल्या आयनावरणात, म्हणजे वरच्या विद्युतभारित थरात, विद्युतभारित कण विरळ असलेले बुडबुडे उठतात आणि त्यांतून येताना उपग्रहाचा सिग्नल लुकलुकतो, तारा लुकलुकतो तसाच. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्याचे महिने, आणि सूर्यावरचे डाग भरात असले की जोर जास्त. २०२४ नेमकं तसं वर्ष. युरोपातल्या माणसाने लिहिलेल्या सूचनांत याचा उल्लेख का नव्हता ते कळलं. त्याच्या छतावर हे होतच नाही.

यावर सोल्डरिंगचा इलाज नाही. प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या: चालू सरासरीपासून १५० नॅनोसेकंदांहून लांब पडलेला ठोका मोजायचाच नाही.

२ एप्रिल

त्या चार ओळींनी घात केला. काल रात्री कधीतरी दोन-तीन मिनिटं उपग्रहच नव्हते. ते परत आले तेव्हा अंतर १५० च्या पलीकडे गेलेलं. मग प्रत्येक ठोका "लांबचा" म्हणून फेकला गेला. सरासरी बदलेना, कारण नवा ठोका आतच येईना. पाच तास ओसीएक्सओ मोकाट चालत होता आणि पडद्यावर दिमाखात "लॉक" लिहिलेलं. दहा ठोके लागोपाठ फेकले गेले तर सरासरी नव्याने धर, अशी पाचवी ओळ घातली. आणि फेकलेल्या ठोक्यांची मोजणी पडद्यावर आणली. ती आधी असती तर सकाळी दात घासतानाच कळलं असतं.

६ एप्रिल

रात्रीच्या गोंधळातून मोकळा झालो आणि दिवसाचे आलेख पहिल्यांदा नीट बघितले. दुपारी अंतर एका बाजूला दीडशे नॅनोसेकंद जातं, अर्ध्या-पाऊण तासात परत येतं. त्यानंतर कंट्रोलचा आकडा साधारण ८० पायऱ्यांनी वर राहतो, संध्याकाळपर्यंत. एक पायरी म्हणजे ७६ मायक्रोव्होल्ट, ऐंशी पायऱ्या म्हणजे सहा मिलिव्होल्ट, आणि फ्रिक्वेन्सीत हजार कोटीत सहा भाग.

खरं सांगायचं तर क्यूओ-१०० साठी हे काहीच नाही. १० गिगाहर्ट्झवर सहा हर्ट्झ. माझ्या कानाला कळणारही नाहीत. इथे थांबून एलएनबी उघडायला घ्यायला हवा होता. पण भट्टीत बसवलेला क्रिस्टल खोलीतल्या हवेने एवढा का हलावा, हा काटा निघेना. डेटाशीटमधल्या आकड्याच्या कितीतरी पट हलत होता.

७ एप्रिल, रविवार

"उष्णता" असं ठरवून सगळं थर्माकोलच्या पेटीत बंद केलं. सगळं म्हणजे ७८०५ सकट. तीन तासांनी आत ६१ अंश. बिचारा ओसीएक्सओ भट्टी जवळपास बंद करून बसला होता, कारण बाहेरच एवढं तापलेलं की आत तापवायला काही उरलं नाही. आकडा तासभर सारखा घसरत राहिला. पेटी फेकली. १३० रुपये आणि एक रविवार.

(गंमत अशी की आज दुपारी तो उंचवटा आलाच नाही. मी श्रेय पेटीला दिलं.)

१० एप्रिल

नवा ओसीएक्सओ मागवला. आणखी १,४५०. जुना खराब आहे असं मनाने घेतलं की हात आपोआप पाकिटाकडे जातो.

१३ एप्रिल

नवा बसवला. कंट्रोलचा आकडा वेगळा, दुपारचा उंचवटा तोच, तेवढाच, त्याच वेळी. दोन वेगळ्या कार्डांवरून काढलेले दोन क्रिस्टल अगदी एकाच मापाने खराब असतील? इथे मला पहिल्यांदा शहाणपण सुचायला हवं होतं. सुचलं मुलीला.

१४ एप्रिल, रविवार

गेल्या आठ दिवसांचे आलेख ट्रेसिंग पेपरवर छापून एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला चिकटवले. उजेड मागून येतो, आठही रेषा एकदम दिसतात. कॉम्प्युटरवरही करता येतं, पण काचेवर कागद सरकवत बघण्यात जे दिसतं ते पडद्यावर मला दिसत नाही.

दोन प्रकार दिसले. एक, पहाटे साडेपाचच्या सुमाराची नागमोडी कुरकुर, चाळीसेक नॅनोसेकंदांची. ती रोज हुबेहूब तशीच, पण रोज चार मिनिटं अलीकडे. आठव्या कागदापर्यंत अर्धा तास सरकलेली. मी कागद सरकवून जुळवले तेव्हा रेषा एकमेकींत मिसळूनच गेल्या. ही आकाशातली गोष्ट. जीपीएसचे उपग्रह रोज चार मिनिटं आधी त्याच जागी येतात, ताऱ्यांसारखे. म्हणजे त्या वेळी एखादा उपग्रह अशा जागी असतो की त्याचा सिग्नल समोरच्या इमारतीवर आपटून मग माझ्या ग्रिलपर्यंत पोचतो.

दुसरा तो दुपारचा उंचवटा. तो एक मिनिटही सरकत नव्हता. १:४०, १:४२, १:३९. मी म्हटलं, ऊन. खिडकीतून ऊन येत असणार.

मुलगी मागे उभी होती. "बाबा, पण मंगळवारी नाहीये."

मंगळवार, ९ तारीख. खरंच रेषा सपाट. आणि रविवारीही, ७ ला. जिचं श्रेय मी पेटीला दिलं होतं ती.

"मंगळवारी काय होतं?"

"गुढीपाडवा. शाळा नव्हती." मग जरा थांबून, "मी एक चाळीसला घरी येते."

"आल्यावर काय करतेस?"

"काही नाही. दप्तर टाकते, पंखा लावते."

मी ऑफिसात असतो. माझं टेबल तिच्या अभ्यासाच्या खोलीत आहे. पंखा बरोबर टेबलावर आहे. पाचवर.

२१ एप्रिल, रविवार

बुटांचा पुठ्ठ्याचा खोका फक्त ओसीएक्सओवर पालथा घातला, ७८०५ बाहेर. उंचवटा निम्मा झाला. पंखा हे कारण पक्कं, पण गणित जुळत नव्हतं. वाऱ्याने भट्टीला जास्त करंट लागेल, ठीक, त्याचसाठी भट्टी आहे. क्रिस्टलला कळता कामा नये.

मग करंटच मोजला. पंखा बंद, १९० मिलिअँपिअर. पंखा पाचवर, पाच मिनिटांनी २४०. हा करंट परत कुठून जातो? जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या तारेतून. ती तार कोणती? ब्रेडबोर्डची बारीक हिरवी जम्पर, दोन्ही टोकांना खोचायच्या पिना. आणि कंट्रोल व्होल्टेज कशाच्या सापेक्ष? नॅनोच्या ग्राउंडच्या.

मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर, एक काटा ओसीएक्सओच्या ग्राउंडच्या पायावर, दुसरा नॅनोच्या. खोका काढून ठेवला. मुलगी पडद्यासमोर बसून कंट्रोलचा आकडा वाचत होती, मी मीटर. पंखा बंद असताना २२.८. तिने रेग्युलेटर पाचवर फिरवला. पहिलं मिनिट काही नाही. मग २३.१, २३.४, मीटरचा शेवटचा आकडा उजवीकडून एकेक ढकलत निघाला. २५ ला असताना ती म्हणाली, "अकरा वाढला." २७ ला, "तीस." मीटर २८.८ वर थांबला. कंट्रोलचा आकडा मात्र त्याच्या मागून दहा मिनिटं चढत राहिला आणि ७९ वर बसला.

सहा मिलिव्होल्ट. जे गेले पंधरा दिवस मी उष्णता, ऊन, म्हातारा क्रिस्टल यांच्या नावावर लावत होतो ते ०.१२ ओहमच्या एका जम्परचं होतं. भट्टीचा करंट वाढला की ओसीएक्सओची जमीन सहा मिलिव्होल्ट वर उचलली जायची, त्याला वाटायचं कंट्रोल तेवढं कमी झालं, फ्रिक्वेन्सी खाली. क्रिस्टल निर्दोष. दोन्ही क्रिस्टल.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. भट्टीच्या करंटसाठी जाड तार थेट पुरवठ्यापर्यंत, सोल्डर करून. नॅनो आणि एमसीपी६००२ यांची जमीन पुरवठ्याकडे न नेता ओसीएक्सओच्या ग्राउंडच्या पायावरच आणली, म्हणजे कंट्रोल व्होल्टेज ज्याला बघायचं त्याच्याच पायापासून मोजलं जातं. आता दोन पायांत ०.३ मिलिव्होल्ट, आणि पंखा लावला तरी तेवढंच. पंखा पाचवर केला तर कंट्रोल सहा-सात पायऱ्या हलतो. तेवढं क्रिस्टलचं स्वतःचं.

खोका परत घातला. ब्रेडबोर्ड काढून सगळं छिद्रांच्या बोर्डावर सोल्डर केलं. हे फेब्रुवारीत करायचं होतं.

२७ एप्रिल

पहाटेच्या कुरकुरीवर इलाज म्हणून अँटेना गच्चीवर. सोसायटीच्या सेक्रेटरींनी अडवलं. "हा काय मोबाईलचा टॉवर आहे का? रेडिएशनचं काय?" म्हटलं, काका, ही काही पाठवत नाही, नुसती ऐकते. ते हातात घेऊन बघून म्हणाले, "मग एवढीशी का?" परवानगी मिळाली, टाकीच्या बाजूला, ध्वजाच्या पाइपला बांधायची अट घालून.

केबल डीटीएचची उरलेली आरजी-६, २२ मीटर. ७५ ओहमची आहे, रिसीव्हर ५० चा, पण सिग्नल पुरतो. केबलमधून यायला मीटरला चारेक नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ठोका नव्वदेक नॅनोसेकंद उशिरा. अचूक वेळ हवी असेल तर तो वजा करा. फ्रिक्वेन्सीला फरक पडत नाही, उशीर रोज तेवढाच.

जागा बदलली म्हणून रिसीव्हरला २४ तास जागा मोजायला लावली, मग ती जागा पक्की करून फक्त वेळ काढायच्या अवस्थेत टाकला. कुरकुर चाळीसवरून पंधरापर्यंत उतरली. उरलेली टाकीची असावी, टाकी हलवता येत नाही.

४ मे

वळवाचा पाऊस, वीज साडेतीन तास गेली. परत आल्यावर रिसीव्हर जागा विसरलेला, कारण सेटिंग्ज सेव्ह करायचं बटण मी दाबलंच नव्हतं. आणि थंड पडलेल्या ओसीएक्सओला जुन्या आकड्यावर परत यायला रात्र लागली. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी जोडली. ७८०५ वर अर्ध्याहून जास्त वीज उष्णता होऊन जाते, तरी दहाएक तास निघतात. वीज कडाडायला लागली की अँटेनाची केबल काढून ठेवतो, हे हाताने.

११ मे

काल रात्रीपासून अंतराचा आलेख दातेरी करवतीसारखा. ठोके फेकल्याची मोजणी रात्रीत ४१२. पुन्हा जम्पर, पुन्हा अँटेना, पुन्हा कनेक्टर. दुपारी मोबाईलवर लडाखमधल्या हानलेचे फोटो आले, आकाश लालभडक. गेल्या वीस वर्षांतलं सर्वांत मोठं सौर वादळ चालू होतं. माझा रिसीव्हर एकाच फ्रिक्वेन्सीवर ऐकतो, आयनावरणाचा उशीर तो उपग्रहाने पाठवलेल्या ठोकळ सूत्रावरून वजा करतो, आणि असल्या रात्री ते सूत्र कुठलं पुरायला. सोल्डरिंगची सळई बंद केली.

रात्री आठ ते अकराचा नाच मात्र एप्रिलअखेरपासूनच ओसरलाय. मला वाटत होतं माझ्या पाच ओळींमुळे. हंगाम संपला, एवढंच. ऑक्टोबरमध्ये कळेल त्या ओळींची खरी किंमत.

१ जून

इतके दिवस एक अडचण होती: माझ्या घरात याच्याहून चांगलं घड्याळ नाही, मग हे बरोबर आहे हे सांगणार कोण? एका मित्राने त्याचा जुना रुबिडियम, म्हणजे अणुघड्याळाच्या जातीचा ऑसिलेटर, दोन दिवसांसाठी दिला. दोन्ही तास-तास तापवून ऑसिलोस्कोपवर लावले. रुबिडियमवर ट्रिगर, म्हणजे त्याची लहर उभी, माझी तिच्याशेजारी. आणि मग नुसतं बघत बसायचं. तीन तासांत माझी लहर साधारण एक पूर्ण घर, म्हणजे १०० नॅनोसेकंद, डावीकडे सरकली. लाख कोटीत नऊ-दहा भाग. दुसऱ्या दिवशीही तेवढीच, त्याच दिशेला. सारख्याच वेगाने सरकतेय म्हणजे बहुधा रुबिडियमच तेवढा बाजूला आहे, जुना असल्याने. मित्राला तसं सांगितलं. त्याला ते आवडलं नाही.

पंखा मुद्दाम लावून बघितला. लहरीने दखल घेतली नाही.

९ जून

पहिला मोठा पाऊस, आणि उपग्रह शून्य. गच्चीवर जाऊन कनेक्टर उघडला तर आतून थेंब पडला, मधल्या तारेवर हिरवट डाग. इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, ती पावसासाठी नसते. टोक कापून नवा कनेक्टर, वर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, आणि केबलला कनेक्टरच्या आधी खाली झोळ दिला म्हणजे पाणी झोळातून टपकेल, आत जाणार नाही. केबल, कनेक्टर, टेप मिळून आतापर्यंत ४८० रुपये.

हिशोब लिहूनच टाकतो. ओसीएक्सओ १,४५०, रिसीव्हर ४,२००, अँटेना ७००, नॅनो २९०, चिपा आणि किरकोळ ६००. न लागलेला दुसरा ओसीएक्सओ १,४५०. थर्माकोल १३०. केबल वगैरे ४८०. एकूण ९,३००. दुसरा ओसीएक्सओ विकायचा नाही, अपराधी वाटतं त्याच्याबद्दल.

१८ जून

शनिवारी शाळा सुरू झाली. आज ऑफिसातून आल्यावर आधी दुपारची ओळ काढून बघितली. १:३५ ला कंट्रोल ४९,०१२. दोन वाजता ४९,०१८. अंतर वीसच्या आत.

एलएनबी उघडलाय, २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून तिथे बाहेरून सिग्नल द्यायला बारीक कोअॅक्स सोल्डर केली आहे. डिश गच्चीवर न्यायची आहे. सेक्रेटरी काकांना अजून सांगितलेलं नाही.